वेबसाइटच्या फॉर्मचा ऑटो-रिप्लाय जात नाही? मेल कुठे अडतो ते शोधण्याची पद्धत

सावदा-रावेर भागातल्या एखाद्या केळी व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर दिल्लीचा खरेदीदार चौकशीचा फॉर्म भरतो. पडद्यावर हिरव्या चौकटीत "धन्यवाद, आपला संदेश मिळाला" असं उमटतं. पण भावाची पद्धत, माल भरण्याचं ठिकाण आणि मोबाइल नंबर ज्यात असतो तो आपोआप जाणारा मेल, म्हणजे ऑटो-रिप्लाय, काही त्याच्याकडे येत नाही. तो थोडी वाट पाहतो आणि दुसऱ्या व्यापाऱ्याला फोन लावतो. इकडे व्यापाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, कारण त्याच्या बाजूने सगळं सुरळीत दिसत असतं. नंदुरबारचा मिरची विक्रेता असो, जळगावची दालमिल असो की धुळ्याचा क्लास, नुकसान असंच होतं.

पडद्यावरच्या "धन्यवाद"चा अर्थ एवढाच, की वेबसाइटने मेल सर्व्हरच्या हवाली केला. फॉर्मपासून ग्राहकाच्या इनबॉक्सापर्यंत मेलला एकूण तीन नाके ओलांडायचे असतात. पहिला नाका फॉर्मचा: मेल तयार झाला का? दुसरा सर्व्हरचा: तो बाहेर पडला का? तिसरा समोरच्या मेल कंपनीचा: तिने तो घेतला का, आणि इनबॉक्सात टाकला की स्पॅममध्ये? मेल नेमका कोणत्या नाक्यावर अडला हे ठरवण्याआधी प्लगइन (वेबसाइटला जोडलेला छोटा प्रोग्राम) बदलायला घेऊ नका. दोष डीएनएसमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या (डोमेनच्या) नोंदींमध्ये, असेल तर दहा प्लगइन बदलूनही मेल जाणार नाही.

इथे वर्डप्रेस (वेबसाइट बनवण्याची प्रणाली) आणि कॉन्टॅक्ट फॉर्म ७ (तिचं फॉर्मचं प्लगइन) धरून लिहिलं आहे, कारण छोट्या व्यवसायांच्या वेबसाइटवर हीच जोडी फार दिसते. दुसरा फॉर्म असला तरी नाके तेच, फक्त बटणांची नावं वेगळी.

सगळ्यात आधी चौकश्या वाचवा

कॉन्टॅक्ट फॉर्म ७ आलेली माहिती स्वतः साठवत नाही. मेल गेला नाही तर चौकशीही गेली. म्हणून दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी फ्लेमिंगो हे मोफत प्लगइन टाका. ते त्याच लेखकाचं आहे. त्यानंतर भरलेला प्रत्येक फॉर्म डॅशबोर्डमध्ये जमा होतो, मेल पोचो वा न पोचो. जुन्या चौकश्या मात्र त्यात येणार नाहीत.

लगेच दुसरं काम: होस्टिंग, डोमेन आणि वर्डप्रेस या तिन्हींचे लॉगिन हाताशी आहेत का ते पाहा. वेबसाइट ज्याने बनवून दिली त्याच्याच नावावर डोमेन असतं आणि डीएनएसचं पॅनल मालकाने कधी पाहिलेलंही नसतं, असं फार ठिकाणी आहे. पुढची निम्मी दुरुस्ती त्या पॅनलमध्येच होते, म्हणून ते लॉगिन आजच मागून घ्या.

चाचणी कशी घ्यायची

चार पत्ते तयार ठेवा: एक जीमेलचा, एक आउटलुकचा, एक याहू किंवा रेडिफमेलचा, आणि एक तुमच्या स्वतःच्या डोमेनचा. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडा. वर्डप्रेसमध्ये लॉगिन असताना घेतलेली चाचणी फसवी ठरू शकते, कारण लॉगिन असलेल्याला बहुधा कॅशेमधलं (आधी साठवून ठेवलेलं) पान दिसत नाही आणि ग्राहकाला मात्र तेच दिसतं. प्रत्येक पत्त्याने एकदा फॉर्म भरा आणि संदेशात "चाचणी १", "चाचणी २" असं लिहून वेळ टिपून ठेवा. मग किमान १५ मिनिटं थांबा. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या वेळी "नंतर ये" म्हणून परत पाठवतात आणि मेल दुसऱ्या खेपेला घेतात.

आता निकाल वाचा.

- मालकाला मेल नाही, ग्राहकालाही नाही: पहिला किंवा दुसरा नाका.
- मालकाला मिळाला, चारही ग्राहक पत्ते कोरडे: ऑटो-रिप्लायचा साचा चुकला आहे.
- रेडिफ किंवा आउटलुकला गेला, जीमेलला नाही: ओळख पटवण्याचा, म्हणजे एसपीएफ-डीकेआयएम या डीएनएस नोंदींचा दोष.
- बाहेरच्या सगळ्यांना गेला, फक्त स्वतःच्या डोमेनवर नाही: मेल रूटिंग, म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा ती सेटिंग.
- सगळीकडे पोचला पण स्पॅममध्ये: तिसरा नाका.

पहिला नाका: फॉर्म

पाठवल्यावर येणाऱ्या चौकटीचा रंग पाहा. हिरवा म्हणजे मेल सर्व्हरच्या हवाली झाला. लाल म्हणजे सर्व्हरने पाठवायला नकार दिला, तेव्हा थेट दुसऱ्या नाक्यावर जा. पिवळा म्हणजे एखादा रकाना चुकीचा भरला आहे. केशरी म्हणजे फॉर्मने तुम्हाला स्पॅम ठरवलं. डोमेन बदललं किंवा साइट नव्या पत्त्यावर हलवली की रीकॅप्चाच्या (बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम, ओळखणाऱ्या गूगलच्या सेवेच्या) जुन्या किल्ल्या चालत नाहीत, कारण त्या डोमेनला बांधलेल्या असतात. मग खऱ्या ग्राहकालाही केशरी चौकट दिसते. अशा वेळी नव्या डोमेनसाठी नव्या किल्ल्या काढून घ्या.

रंगच येत नाही आणि चक्र नुसतं फिरत राहतं, तेव्हा बहुतेक वेळा सुरक्षेच्या प्लगइनने रेस्ट एपीआय (पान आणि वर्डप्रेस यांच्यात माहिती नेणारी वाट) बंद केलेला असतो. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ माहिती त्याच वाटेने पाठवतो. त्या प्लगइनच्या सेटिंगमध्ये या फॉर्मपुरती सूट द्या. पाठवल्यावर अख्खं पान पुन्हा लोड होत असेल, तर जावास्क्रिप्ट कुठेतरी तुटली आहे. कॅशे प्लगइनमधलं "जावास्क्रिप्ट एकत्र करा" किंवा "उशिरा लोड करा" हे पर्याय एकेक करून बंद करा, दर वेळी कॅशे रिकामा करा आणि पुन्हा पाहा.

ऑटो-रिप्लायचा साचा "मेल (२)" या नावाने, मेल टॅबच्या तळाशी असतो. त्याच्या शेजारची खूण केलेली नसेल तर ऑटो-रिप्लाय अस्तित्वातच नाही. खूण असेल तर "टू"चा रकाना पाहा. तिथे चौकटी कंसातला जो टॅग आहे, तोच अक्षरन् अक्षर फॉर्मच्या ईमेल रकान्याला आहे का? फॉर्म मराठीत करताना कोणीतरी रकान्याचं नाव "युवर-ईमेल"वरून नुसतं "ईमेल" केलेलं असतं आणि साच्यात जुनंच राहतं. मग मेल कोणाला पाठवायचा हेच फॉर्मला समजत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मेल (२) तेव्हाच निघतो, जेव्हा पहिला मेल, म्हणजे मालकाला जाणारा, यशस्वीपणे पाठवला जातो. मालकाच्या मेलचा साचा चुकला असेल तर ग्राहकाचा साचा कितीही बरोबर असो, तो मेल निघणार नाही. म्हणून तपासायची सुरुवात नेहमी पहिल्या मेलपासून करा.

"फ्रॉम"चा पत्ता: सर्वांत जास्त घोटाळा इथे

मालकाला सोयीचं वाटतं म्हणून पुष्कळ ठिकाणी मालकाच्या मेलमध्ये "फ्रॉम"ला ग्राहकाचा पत्ता टाकलेला असतो, म्हणजे "रिप्लाय" दाबलं की उत्तर त्यालाच जावं. हेतू चांगला आहे, जागा चुकीची आहे. तुमच्या जळगावच्या वेबसाइटचा सर्व्हर "मी याहूच्या अमुक ग्राहकाकडून मेल आणला आहे" असं सांगतो, पण याहूने त्या सर्व्हरला तशी परवानगी दिलेली नसते. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपल्या डोमेनच्या नावाने दुसरीकडून आलेले मेल नाकारा असं डीएमएआरसी (ओळख न पटलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी डीएनएस नोंद) वापरून जगाला कळवलं. असा मेल अडवला जातो किंवा स्पॅममध्ये पडतो.

योग्य मांडणी अशी. दोन्ही साच्यांत "फ्रॉम"ला तुमच्याच डोमेनचा पत्ता, उदाहरणार्थ "माहिती" किंवा "चौकशी" या अर्थाचं नाव, अॅट, तुमचं डोमेन. मालकाच्या मेलमध्ये "अॅडिशनल हेडर्स"च्या रकान्यात "रिप्लाय-टू" लिहून ग्राहकाच्या ईमेलचा टॅग द्या. ऑटो-रिप्लायमध्ये "रिप्लाय-टू"ला तुम्ही खरोखर उघडता तो पत्ता द्या. उत्तर न घेणारा पत्ता टाळा. ऑटो-रिप्लायला उत्तर देऊन "दोन गाड्या माल हवा, कधी भरता येईल" असं विचारणारा ग्राहक हाताशी आलेला ग्राहक असतो.

"फ्रॉम"चा पत्ता खरा असावा, म्हणजे त्या नावाची मेलबॉक्स होस्टिंगवर तयार केलेली असावी. वर्डप्रेस स्वतःहून "वर्डप्रेस अॅट तुमचं डोमेन" असा पत्ता वापरतो. तशी मेलबॉक्स सहसा नसते, आणि काही होस्टिंग कंपन्या तेवढ्यावरूनच मेल अडवतात.

दुसरा नाका: सर्व्हर

वर्डप्रेस मुळात होस्टिंगच्या पीएचपी मेलने, म्हणजे सर्व्हरवरच्या साध्या मेल सोयीने, पाठवतो. त्यात लॉगिन नसतं, सहसा नोंद दिसत नाही आणि त्रुटीही नीट कळत नाही. त्याची दुरुस्ती करत बसण्यापेक्षा एसएमटीपी, म्हणजे खऱ्या मेलबॉक्समध्ये लॉगिन करून मेल पाठवण्याची पद्धत, जोडा. डब्ल्यूपी मेल एसएमटीपी, फ्लुएंट एसएमटीपी, पोस्ट एसएमटीपी यांतलं कोणतंही एक चालेल, पण एकच ठेवा. दोन ठेवले की कोणाची सेटिंग लागू झाली ते समजत नाही.

भरायच्या गोष्टी पाच: सर्व्हरचं नाव, पोर्ट, एन्क्रिप्शन, युजरनेम, पासवर्ड. पोर्ट ५८७ असेल तर टीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल. या जोड्या उलटसुलट झाल्या की जोडणी लटकून राहते. पोर्ट २५ वापरू नका, तो बऱ्याच ठिकाणी बंद असतो. युजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता, नुसतं अॅटच्या आधीचं नाव नव्हे.

साधं जीमेल जोडत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गूगलने साध्या खात्यांसाठी ती सोय ३० मे २०२२ पासून काढून घेतली. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड मिळतो, तो टाका. पुढे खात्याचा पासवर्ड बदलला की अॅप पासवर्ड रद्द होतात आणि फॉर्म गुपचूप बंद पडतो, हे लक्षात ठेवा. साध्या जीमेलची मर्यादा दिवसाला ५०० मेलची आहे. आणि "फ्रॉम"ला तुमच्या डोमेनचा पत्ता दिला, पण तो त्या जीमेलमध्ये "सेंड मेल अॅज" म्हणून जोडलेला नसेल, तर जीमेल तो पुसून स्वतःचा पत्ता घालतं.

झोहो वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. भारतात उघडलेल्या खात्याच्या सर्व्हरच्या नावाचा शेवट "डॉट इन" असतो. इंटरनेटवरच्या परदेशी मार्गदर्शनात "डॉट कॉम" लिहिलेलं असतं. ते जसंच्या तसं उतरवलं की पासवर्ड बरोबर असूनही ५३५ ही त्रुटी येते.

एसएमटीपी प्लगइनमधून चाचणी मेल पाठवा आणि आलेला आकडा वाचा. तो आकडाच निम्मं निदान असतो.

५३५: युजरनेम किंवा पासवर्ड नाकारला. अॅप पासवर्ड, पूर्ण पत्ता आणि सर्व्हरचं नाव या क्रमाने तपासा.

५५३: लॉगिन एका पत्त्याचं, "फ्रॉम" दुसऱ्याचा. दोन्ही एकच करा.

५५० आणि त्यापुढे ५.७.२६: जीमेल म्हणतंय की पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही. पुढच्या भागातलं डीएनएसचं काम करा.

५५० आणि ५.१.१: असा पत्ताच नाही. बहुधा ग्राहकाने टाइप करताना चूक केली.

४ ने सुरू होणारा कोणताही आकडा: तात्पुरता नकार. सर्व्हर स्वतः पुन्हा प्रयत्न करतो, तासभर वाट पाहा.

आकडाच नाही, फक्त "कनेक्शन टाइम्ड आउट": होस्टिंगने पोर्ट बंद ठेवला आहे. ५८७ ऐवजी ४६५ लावून पाहा. तेही चालत नसेल तर होस्टिंगच्या मदत केंद्राला "बाहेर जाणारे ५८७ आणि ४६५ उघडा" एवढंच लिहा. त्यांना मोघम "मेल जात नाही" लिहिलं तर चार दिवस नुसती प्रश्नोत्तरं होतात.

ब्रेव्होसारखी रिले सेवाही (तुमच्या वतीने मेल पाठवणारी) घेता येते. तिच्या मोफत योजनेत दिवसाला ३०० मेल जातात, आणि छोट्या व्यवसायाच्या ऑटो-रिप्लायला तेवढे पुष्कळ झाले. अॅमेझॉन एसईएस स्वस्त आहे, पण नवं खातं सॅण्डबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या अवस्थेत, असतं. तेव्हा मेल फक्त आधी पडताळलेल्या पत्त्यांना जातो, तोही २४ तासांत २०० पर्यंत. चाचणी स्वतःच्या पत्त्यावर घेतली की उत्तम चालते आणि ग्राहकाला काहीच मिळत नाही. सॅण्डबॉक्समधून बाहेर काढण्याचा अर्ज मंजूर होईपर्यंत साइटला ते जोडू नका.

तिसरा नाका: डीएनएसमधल्या एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी या नोंदी

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक तरी असावंच लागतं. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि शिवाय डीएमएआरसी लागतं. तुम्ही त्या गटात नसलात तरी तिन्ही लावा. काम तासाभराचं आहे.

पुढच्या नोंदी डीएनएस पॅनलमध्ये इंग्रजी अक्षरांतच भरायच्या आहेत. हाताने टाइप न करता मेल सेवेच्या पानावरून उतरवून घ्या.

एसपीएफ ही टीएक्सटी प्रकारची नोंद. तुमच्या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची ती यादी असते. इथली नेहमीची चूक म्हणजे दोन एसपीएफ नोंदी. होस्टिंगने एक टाकलेली असते, मग कोणी गूगल वर्कस्पेस घेताना दुसरी टाकतं. दोन असल्या की दोन्ही बाद धरल्या जातात. नोंद एकच ठेवा आणि तिच्यात प्रत्येक सेवेचा "इन्क्लूड" एकामागोमाग लिहा. शिवाय या यादीमुळे होणाऱ्या डीएनएस चौकश्या १० च्या वर जाता कामा नयेत, म्हणून सोडून दिलेल्या सेवांचे इन्क्लूड काढून टाका.

डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही. सीपॅनल या होस्टिंगच्या पॅनलमध्ये "ईमेल डिलिव्हरेबिलिटी" या पानावर तयार नोंद मिळते आणि शेजारी "रिपेअर"चं बटण असतं. तुमचं डीएनएस क्लाउडफ्लेअरवर किंवा डोमेन विकणाऱ्याकडे असेल तर त्या बटणाचा उपयोग नाही. नोंद तिथे जाऊन चिकटवावी लागते. २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांपेक्षा मोठी असते आणि टीएक्सटी नोंदीतला एक तुकडा २५५ चाच असू शकतो. काही पॅनल ती आपोआप तोडतात, काही शेपूट कापून टाकतात. जतन केल्यावर शेवटची अक्षरं जुळतात का ते पाहाच.

डीएमएआरसीची सुरुवात "पी=नन" या सौम्य धोरणाने करा. थेट "रिजेक्ट" लावलं आणि एखादी सेवा विसरली, तर तुमचेच मेल फेटाळले जातील.

इथे एक बारकावा आहे. शेअर्ड होस्टिंगच्या पीएचपी मेलमध्ये परतीचा पत्ता, म्हणजे "रिटर्न-पाथ", बहुधा होस्टिंगच्या सर्व्हरच्या नावाचा असतो. त्यामुळे एसपीएफ पास दिसतं, पण ते सर्व्हरच्या डोमेनचं, तुमच्या नव्हे, आणि डीएमएआरसी नापास होतं. तुमच्या डोमेनची डीकेआयएम सही असेल तर हा प्रश्न उरत नाही.

निकाल पाहायला जीमेल संगणकावर उघडा, आलेल्या मेलच्या तीन ठिपक्यांतून "शो ओरिजिनल" निवडा. वरच तिन्हींसमोर "पास" दिसलं पाहिजे. बदल केल्या केल्या दिसला नाही तर घाबरू नका. नोंदीचा टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा) १४४०० असेल तर जुनी नोंद चार तासांपर्यंत राहू शकते.

बाहेर जातो, घरी येत नाही

मेल गूगल वर्कस्पेसवर किंवा झोहोवर हलवले आणि वेबसाइट जुन्या होस्टिंगवरच राहिली, की हा प्रकार होतो. होस्टिंगचा सर्व्हर समजतो की या डोमेनच्या मेलबॉक्स आपल्याकडेच आहेत. मालकाला जाणारा मेल तो बाहेर पाठवतच नाही, आपल्याच पोटात ठेवतो. सीपॅनलमध्ये "ईमेल रूटिंग" उघडा आणि "लोकल"च्या जागी "रिमोट मेल एक्स्चेंजर" निवडा. एका मिनिटाचं काम आहे. बदलण्यापूर्वी जुन्या मेलबॉक्समध्ये वेबमेलने डोकावून पाहा, कित्येक महिन्यांच्या चौकश्या तिथे पडलेल्या असू शकतात.

उशिरा येणारे मेल

काही फॉर्म मेल लगेच न पाठवता रांगेत लावतात आणि ती रांग वर्डप्रेसच्या क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणाऱ्या यंत्रणेवर, चालते. हा क्रॉन कोणी साइटवर आलं तरच जागा होतो. रात्री अकराला भरलेल्या फॉर्मचा मेल सकाळी सातला निघतो तो यामुळे. होस्टिंगमध्ये दर ५ मिनिटांचा खरा क्रॉन जॉब लावा. सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहादा-नंदुरबारच्या लॉजवाल्यांना मुक्कामाची चौकशी रात्रीच येते. ज्याचं उत्तर आधी पोचतं त्याची खोली भरते.

स्पॅम, बॉट आणि मजकूर

ऑटो-रिप्लायचा एक दुरुपयोग फार थोड्यांना ठाऊक असतो. बॉट फॉर्ममध्ये तिऱ्हाइताचा ईमेल टाकतात आणि नावाच्या रकान्यात जाहिरातीची लिंक. तुमचा ऑटो-रिप्लाय इमानदारीने "नमस्कार" म्हणून ती लिंक त्या तिऱ्हाइताला तुमच्या डोमेनवरून पाठवतो. तो स्पॅम म्हणून तक्रार करतो आणि नाव तुमचं खराब होतं. म्हणून ऑटो-रिप्लायमध्ये ग्राहकाने लिहिलेला संदेश परत छापू नका, आणि शक्यतो नावही नको. नुसतं "नमस्कार" पुरतं. फॉर्मला क्लाउडफ्लेअरचं टर्नस्टाइल (बॉट अडवणारी तपासणी) जोडा. ते मोफत आहे आणि ग्राहकाला सहसा कोडी सोडवावी लागत नाहीत.

मेलबॉक्सवर आणखी वेगळा सुट्टीचा ऑटो-रिप्लाय लावलेला असेल तर काढा. समोरच्याचाही तसाच असला तर दोन यंत्रं एकमेकांना उत्तरं देत बसू शकतात. मेल (२)च्या हेडरमध्ये "ऑटो-सबमिटेड: ऑटो-रिप्लाइड" ही ओळ इंग्रजीत टाकली की समोरच्या बहुतेक यंत्रणा उत्तर देत नाहीत.

मजकूर छोटा ठेवा: चौकशी मिळाली, किती वेळात उत्तर येईल, तातडीला कोणता नंबर, आणि तुम्हाला पुढे काय माहिती लागेल. केळीसाठी प्रमाण, कोणत्या गावी पोच आणि कधीपर्यंत. मिरचीसाठी वाण आणि पोत्यांची संख्या. जोडलेली फाइल, मोठा फोटो आणि छोट्या केलेल्या लिंका टाळा.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ नाही. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ मध्ये हा त्रास होत नाही. हाताने लिहिलेल्या जुन्या पीएचपी फॉर्ममध्ये होतो, आणि तिथे विषयाची ओळ वेगळी एन्कोड करावी लागते, नुसता मजकूर सुधारून भागत नाही.

गूगल फॉर्म वापरत असाल तर

क्लासच्या प्रवेशासाठी गूगल फॉर्म आणि अॅप्स स्क्रिप्ट (गूगलची छोटे प्रोग्राम लिहिण्याची सोय) वापरत असाल, तर साध्या खात्यावर दिवसाला १०० जणांनाच मेल जातात. निकालानंतरच्या आठवड्यात १०१ व्या पालकाला काहीच मिळत नाही. स्क्रिप्टमध्ये "फॉर्म सबमिट"चा ट्रिगर हाताने बसवावा लागतो. नुसतं फंक्शनला ते नाव दिल्याने ते चालत नाही. "एक्झिक्यूशन्स"च्या यादीत लाल ओळ दिसली तर तिच्यावर टिचकी मारून कारण वाचा.

दुरुस्तीनंतर

चारही पत्त्यांनी पुन्हा फॉर्म भरा, आणि या वेळी एक चुकीचा पत्ताही टाका, "जीमेल"मधली दोन अक्षरं उलटी करून. परत आलेला मेल कोणाकडे येतो ते कळेल. तो तुम्ही रोज उघडता त्याच मेलबॉक्समध्ये आला पाहिजे, म्हणजे पत्ता चुकलेल्या ग्राहकाला त्याच दिवशी फोन करता येतो. त्यासाठी फॉर्ममध्ये मोबाइल नंबरचा रकाना सक्तीचा ठेवा. मग दर महिन्याच्या १ तारखेला एक चाचणी फॉर्म भरण्याची नोंद फोनच्या कॅलेंडरमध्ये करून टाका, आणि होस्टिंग बदललं, पासवर्ड बदलला किंवा प्लगइन अपडेट केलं, की तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी भरा.